कोशनोंद आणि समानधर्म्यांचे शेरे

मराठी कोशवाङ्मयाचा इतिहास बहुधा संपादकांच्या कर्तृत्वाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. श्री. व्यं. केतकर यांचा २३ खंडांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ तर एका व्यक्तीच्या जिद्दीचे प्रतीकच ठरला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला सिद्ध झालेल्या ‘मराठी विश्वकोशा’ने (पहिला खंड १९७६) मात्र विषयतज्ज्ञ लेखक, अभ्यागत संपादक आणि संपादक मंडळ अशी साखळी उभी केली. नोंदीखाली लेखकाचे नाव राहिले. पण तिच्या सिद्धतेत इतरांची चिकित्सा गृहीत धरली गेली.

या चिकित्सेची खरी कसोटी कल्पित साहित्यकृतीवरील नोंदीत लागते. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कृतीचे उदाहरण घेता येईल. यमुना व विनायक यांचा प्रवास, वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या कहाण्या, यमुनेचे वैधव्य, तिचा ख्रिस्ती धर्मस्वीकार आणि पुनर्विवाह एवढे सांगितले की कथानक सांगून होते. नोंद मात्र सिद्ध होत नाही. जाणकार समीक्षक येथे किमान तीन आक्षेप घेईल. ‘पहिली मराठी कादंबरी’ हे विधान कादंबरीच्या कोणत्या व्याख्येवर उभे आहे? धर्मप्रचाराचा हेतू सांगताना विधवांच्या स्थितीचे तपशीलवार चित्रण दुय्यम ठरले नाही ना? आणि कृतीविषयीची मते कोणाची व कोणत्या काळातील, हे स्पष्ट झाले आहे काय? पहिला आक्षेप वाङ्मयप्रकाराच्या सिद्धान्ताचा, दुसरा मूल्यमापनाचा, तर तिसरा स्वीकाराच्या इतिहासाचा आहे. म्हणजेच नोंद सुधारण्यासाठी दिलेला शेरा ही संक्षिप्त रूपातील समीक्षाच होय.

तथापि छापील खंडात केवळ निष्कर्ष उरतो. त्यामागील मतभेद वाचकापर्यंत पोहोचत नाहीत. परिणामी ‘पहिली कादंबरी’ यासारखे वादग्रस्त विधान सिद्ध वस्तुस्थितीच्या थाटात पाठ्यपुस्तकांत व प्रबंधांत उतरते. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात लेखाच्या जुन्या आवृत्त्या व चर्चा उघड राहतात, ही महत्त्वाची भर आहे. परंतु तेथे शेरा देणाऱ्याचा अधिकार पारखण्याचे साधन तुटपुंजे असते. एका व्यवस्थेत अधिकार दिसतो, वाद दिसत नाही. दुसरीत वाद दिसतो, अधिकार दिसत नाही. कोशाला प्रमाण मानणाऱ्या संशोधकाने म्हणूनच नोंदीतील विधानाइतकेच त्यामागे दडलेल्या प्रश्नालाही महत्त्व देणे आवश्यक ठरते.