बाइकच्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब लावताय? आधी अप्पर-डिपरचं गणित समजून घ्या

केडगावहून (नगरचं केडगाव, दौंड तालुक्यातलं नव्हे) सुप्याच्या एमआयडीसीत रात्रपाळीला बाइकने जायचं म्हणजे नगर-पुणे रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर अंधारातला प्रवास. वाटेत चास, कामरगावसारखी गावं सोडली तर बराच पट्टा फक्त स्वतःच्या हेडलाइटच्या भरवशावर कापायचा. त्यात ऊसतोडीच्या दिवसांत मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर अशी एखादी ट्रॉली पुढे असू शकते. अशा वेळी बाइकचा पिवळट हॅलोजन अपुरा वाटणं साहजिक आहे. मग कोणीतरी सांगतं, "एलईडी टाक, दिवसासारखा उजेड पडतो."

एलईडी टाकल्यावर उजेड वाढल्यासारखा वाटतो हे खरं. पण तो उजेड नेमका कुठे पडतो आणि कोणाच्या डोळ्यात जातो, हे बल्बच्या खोक्यावर लिहिलेलं नसतं. या लेखात तेच बघू.

उत्तर थोडक्यात

- हेडलाइट म्हणजे फक्त बल्ब नाही. बल्ब आणि रिफ्लेक्टर मिळून हेडलाइट होतो. रिफ्लेक्टर हॅलोजनसाठी बनवलेला असेल तर एलईडी बल्बने त्याचा फोकस बिघडू शकतो.
- तुमच्या बाइकचा हेडलाइट एसीवर चालतो की डीसीवर, हे आधी तपासा. एसीवर साधा एलईडी बल्ब नीट चालत नाही.
- बऱ्याचदा प्रकाश कमी पडण्याचं कारण बल्ब नसून वायरिंग, काच किंवा चुकीचा अँगल असतं. ते आधी दुरुस्त करा, खर्च कमी येतो.

हॅलोजन बल्बच्या आत काय असतं?

आपल्याकडच्या बहुतेक १००-१५० सीसी हॅलोजन बाइकमध्ये एचएस१ प्रकारचा ३५/३५ वॅटचा बल्ब असतो. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० च्या हॅलोजन मॉडेलसारख्या मोठ्या गाड्यांत एच४ प्रकारचा ६०/५५ वॅटचा. दोन आकडे अशासाठी की एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, एक अप्परचं आणि एक डिपरचं.

खरी गंमत डिपरच्या फिलामेंटमध्ये आहे. त्याच्या खाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. ती वाटी खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे डिपरचा प्रकाश रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून परावर्तित होऊन खाली रस्त्यावर जातो. भिंतीवर डिपर मारला की वर अंधार आणि खाली उजेड अशी आडवी रेघ दिसते, ती या वाटीमुळे. तिला कटऑफ म्हणतात. समोरच्याचे डोळे वाचतात ते या रेघेमुळेच.

अप्परच्या फिलामेंटला वाटी नसते. ते रिफ्लेक्टरच्या केंद्रबिंदूजवळ असतं आणि पूर्ण रिफ्लेक्टर वापरतं, म्हणून त्याचा प्रकाश सरळ लांब जातो.

दोन्ही फिलामेंट जेमतेम काही मिलिमीटरची असतात आणि त्यांची जागा प्रमाणित असते. रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा त्या जागेचा हिशोब धरूनच काढलेला असतो. म्हणून कुठल्याही चांगल्या कंपनीचा एचएस१ बल्ब टाकला तरी फोकस तसाच राहतो.

एलईडी बल्ब तिथे काय करतो?

फिलामेंट चहूबाजूंनी प्रकाश टाकतं. एलईडीची चिप मात्र चपटी असते आणि एकाच बाजूला प्रकाश टाकते. म्हणून एलईडी बल्बमध्ये एका पट्टीच्या दोन बाजूंना चिप बसवून फिलामेंटची नक्कल करतात. पट्टी बारीक असेल, चिप फिलामेंटच्या नेमक्या जागी असतील आणि डिपरच्या चिपखाली वाटी असेल, तर नक्कल बऱ्यापैकी जमते.

पट्टी जाड असेल किंवा चिप दोन-तीन मिलिमीटर पुढे-मागे असतील तर रिफ्लेक्टरचं गणित चुकतं. डिपरचा प्रकाश कटऑफच्या वर उडतो, झाडांच्या फांद्या उजळतात आणि समोरून येणाऱ्याला डिपरसुद्धा अप्परसारखा लागतो. तीन-चार बाजूंना चिप असलेले, "३६० अंश" म्हणून विकले जाणारे स्वस्त बल्ब यात सगळ्यात वाईट, कारण त्यांतल्या अनेकांना वाटीच नसते.

प्रोजेक्टर हेडलाइटमध्ये कटऑफ आतल्या पडद्याने तयार होतो, त्यामुळे तिथे डोळे दिपण्याचा त्रास तुलनेने कमी. पण चिपची जागा चुकली तर लांबचा प्रकाश तिथेही घटतो.

"२०,००० लुमेन" हा आकडा विसरा

प्रमाणित मोजणीत एचएस१ हॅलोजन डिपरवर सुमारे ५२५ आणि अप्परवर सुमारे ८२५ लुमेन देतो. एच४ सुमारे १,००० आणि १,६५०.

आता खोक्यावरच्या २०,००० लुमेनचा हिशोब करू. अशा बल्बमधल्या एलईडीकडून वॅटला १०० लुमेन धरले तरी २०० वॅट लागतील. १२ व्होल्टवर ते होतात १६-१७ अँपिअर. बऱ्याच कम्यूटर बाइकचा मुख्य फ्यूज त्याआधीच उडेल. प्रत्यक्षात मल्टिमीटर लावला तर असे बल्ब सहसा दीड-दोन अँपिअर घेताना दिसतात, म्हणजे २०-२५ वॅट. तेवढ्यातही एलईडी हॅलोजनपेक्षा जास्त प्रकाश देतो, त्यात वाद नाही. वाद तो कुठे पडतो याचा आहे.

जवळचा उजेड फसवतो

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. ट्रॉली दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरा, त्यात २५ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी ब्रेक लागला तरी थांबायला आणखी साधारण २८ मीटर. एकूण ५३. ताशी ८० ला हाच हिशोब ८० मीटरच्या पुढे जातो.

म्हणजे जीव वाचवतो तो ५० मीटरच्या पलीकडे पडणारा प्रकाश. फोकस बिघडलेला एलईडी बल्ब बऱ्याचदा चाकापुढच्या १०-१५ मीटरवर पांढरा लख्ख उजेड टाकतो. बघायला छान वाटतं. पण समोरच एवढं उजळलं की आपली बुबुळं आकसतात आणि लांबच्या अंधारातलं कमी दिसतं. "उजेड वाढला" असं वाटत असताना ट्रॉली मात्र उशिरा दिसते.

रंगाचंही तसंच. हॅलोजनचा रंग ३,२०० केल्विनच्या आसपास, तर बाजारातले बहुतेक एलईडी ६,००० ते ६,५०० केल्विनचे, निळसर पांढरे. निळसर प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांना जास्त खुपतो. निवड असेल तर ४,०००-५,००० केल्विनचा घ्या.

एसी की डीसी? हे तपासल्याशिवाय खरेदी नको

जुन्या आणि स्वस्त कम्यूटर बाइकमध्ये हेडलाइट बॅटरीवर नसतो, मॅग्नेटो कॉइलमधून येणाऱ्या एसी करंटवर चालतो. हॅलोजनला एसी-डीसीने फरक पडत नाही, एलईडीला पडतो. एसीवर तो लुकलुकतो, कमी उजळतो किंवा त्याचा ड्रायव्हर सर्किट लवकर जातो.

तपासायचं कसं?

१. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा. हेडलाइट लागला तर तो डीसीवर आहे.
२. लागला नाही म्हणून लगेच एसी समजू नका. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना एएचओ, म्हणजे इंजिन चालू असताना हेडलाइट आपोआप लागण्याची सोय, सक्तीची झाली. अशा काही गाड्यांत डीसी हेडलाइटही इंजिन सुरू झाल्यावरच लागतो.
३. इंजिन चालू करून अॅक्सिलरेटर थोडा पिळा. रेसबरोबर प्रकाश ठळकपणे कमी-जास्त होत असेल तर एसीची शक्यता मोठी.
४. पक्कं उत्तर मल्टिमीटर देतो. इंजिन चालू ठेवून होल्डरवर आधी डीसी आणि मग एसी सेटिंगवर व्होल्टेज बघा.

एसी निघाला तर हेडलाइटची वायर सरळ बॅटरीला जोडून देतो म्हणणाऱ्या मेकॅनिकला थांबवा. चार वायरच्या साध्या रेक्टिफायरमध्ये करंटच्या एका अर्ध्या लहरीवर बॅटरी चार्ज होते आणि दुसऱ्या अर्ध्यावर हेडलाइट चालतो. सगळा भार बॅटरीवर टाकला तर तेवढं चार्जिंग मिळेलच असं नाही, आणि सकाळी सेल्फ लागत नाही. नीट करायचं तर कॉइल आणि रेक्टिफायर दोन्हींत बदल लागतो. त्यापेक्षा हॅलोजनच ठेवलेला बरा.

उष्णता आणि पाणी

हॅलोजनची बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन काचेकडे जाते. एलईडीची उष्णता चिपच्या मागे साठते, म्हणून मागे हीटसिंक किंवा छोटा पंखा असतो. बाइकच्या हेडलाइटमागे जागा कमी. बल्ब बसत नाही म्हणून रबरी बूट काढून टाकला की पहिल्याच पावसाळ्यात आत पाणी आणि उन्हाळ्यात धूळ. रिफ्लेक्टरचा मुलामा एकदा गेला की कुठलाही बल्ब उपयोगाचा नाही. म्हणून बूट बसत नसेल तर तो बल्ब आपल्या गाडीसाठी नाही असं समजा.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०६ सांगतो की हेडलाइटचा झोत खाली वळलेला असावा किंवा चालकाला तो खाली वळवता यावा. खाली वळलेल्या झोताने दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारावर मर्यादा घालतं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडीला मान्यता मिळते ती हेडलाइट आणि त्याचा ठरलेला बल्ब यांच्या जोडीला, हे लक्षात ठेवा.

जर्मनीत २०२० मध्ये ओसरामच्या एच७ एलईडी बल्बला रस्त्यावर वापरायची परवानगी मिळाली, तीही यादीतल्या ठरावीक गाड्यांपुरतीच. तोच बल्ब दुसऱ्या रिफ्लेक्टरमध्ये वेगळा फोकस देतो, म्हणून ही यादी.

एलईडी घेण्याआधी हे करून बघा

- होल्डरवर व्होल्टेज मोजा. डीसी हेडलाइट असेल तर इंजिन चालू आणि हेडलाइट लागलेला असताना बॅटरीवरचं आणि होल्डरवरचं व्होल्टेज पडताळा. हॅलोजनला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर प्रकाश जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. गंजलेला कपलर किंवा अर्थिंग साफ केल्यानेही मोठा फरक पडतो.
- काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करा किंवा बदला. रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर असेंब्ली बदला.
- बल्ब जुना असेल तर नामांकित कंपनीचा, त्याच वॅटचा नवा टाका. ३५ वॅटच्या जागी ९०/१०० वॅटचा टाकू नका, होल्डर आणि वायरिंग वितळतं.
- अँगल लावून घ्या. पद्धत खाली दिली आहे.

तरी एलईडीच लावायचा असेल तर

१. एचएस१ किंवा एच४, जो मूळ बल्ब असेल त्याच बैठकीचा घ्या. दोन्हीकडे बारीक पट्टी आणि डिपरच्या चिपखाली वाटी हवी. मूळ बल्ब शेजारी धरून चिपची जागा जुळते का ते बघा.
२. बसवताना चिप डावी-उजवीकडे आणि वाटी खाली राहील असं फिरवा.
३. वायर कापू नका, कपलरनेच जोडा. हॅलोजन परत लावता आला पाहिजे.
४. भिंतीपासून ५ मीटरवर सपाट जागी बाइक सरळ उभी करा, चाकांत योग्य हवा भरा, वर माणूस बसवा. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खुणेने घ्या. डिपरची रेघ त्या खुणेच्या ५ ते ८ सेंटीमीटर खाली हवी. रेघच दिसत नसेल, नुसता पसरट उजेड असेल, तर बल्ब परत करा.
५. नियम १०६ ची अंतरं घेऊन मित्राला समोर उभं करा आणि विचारा. त्याने डोळ्यांवर हात धरला तर निकाल लागला.
६. शेवटी रिकाम्या अंधाऱ्या रस्त्यावर ५० मीटरवर गडद रंगाचं पोतं ठेवा. डिपरवर आधी हॅलोजनने, मग एलईडीने बघा. जो ते जास्त स्पष्ट दाखवतो तो बल्ब चांगला.

नेहमीचे प्रश्न

*मायलेज वाढतं का?* जाणवण्याइतकं नाही. बचत १०-१५ वॅटची, आणि इंजिनाचं काम किलोवॅटमध्ये चालतं.

*त्याच मॉडेलच्या एलईडी व्हेरियंटची पूर्ण असेंब्ली टाकली तर?* फोकसच्या दृष्टीने हा पर्याय नुसत्या बल्बपेक्षा खूप चांगला, कारण तिचा रिफ्लेक्टर एलईडीसाठीच बनलेला असतो. पण वायरिंग जुळतं का आणि बदल चालतो का, हे सर्व्हिस सेंटरला विचारूनच.

*हायवेला दुभाजक आहे, मग डोळे दिपायचा प्रश्न कुठे?* हायवे सोडून गावाच्या अरुंद रस्त्याला लागलात की समोरून येणारा तुमच्यापासून हातभर अंतरावरून जातो. त्याला रस्त्याची कड दिसेनाशी झाली तर तो तुमच्याच अंगावर येऊ शकतो. म्हणून डिपरची रेघ तुमच्या सुरक्षेसाठीही तितकीच गरजेची आहे.