इंजिनचा टीडीसी म्हणजे काय आणि तो अचूक कसा शोधायचा?

टायमिंग बेल्ट बदलणं असो, टॅपेट सेट करणं असो किंवा डिस्ट्रिब्युटर बसवणं असो, सुरुवात एकाच गोष्टीने होते: पहिल्या सिलिंडरचा टीडीसी शोधणे. तो चुकला तर बेल्ट चुकीच्या दातावर बसतो. मग गाडी सुरू होत नाही, ओढत नाही, आणि काही इंजिनांत पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतात.

टीडीसी म्हणजे काय?

टीडीसी म्हणजे टॉप डेड सेंटर. सिलिंडरमध्ये पिस्टन सर्वात वर पोहोचतो आणि खाली येण्याआधी क्षणभर थांबतो, ती जागा.

मग गोंधळ कुठे होतो?

फोर-स्ट्रोक इंजिनमध्ये एक चक्र पूर्ण व्हायला क्रँकशाफ्टचे दोन फेरे, म्हणजे 720 अंश लागतात. तेवढ्यात पिस्टन दोनदा वर येतो: एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी आणि एकदा धूर बाहेर टाकल्यावर. कामासाठी बहुतेक वेळा कॉम्प्रेशनचा टीडीसी लागतो. क्रँक पुलीवरची खूण मात्र दोन्ही वेळा जुळते. म्हणूनच नुसती खूण पाहून भागत नाही.

कसा शोधायचा?

1. इंजिन थंड असू द्या. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

2. सगळे स्पार्क प्लग काढा. कॉम्प्रेशनचा दाब राहत नाही, त्यामुळे इंजिन हाताने सहज फिरतं.

3. पहिला सिलिंडर ओळखा. अनेक गाड्यांत तो टायमिंग बेल्टच्या बाजूला असतो, पण मॅन्युअल बघून खात्री करा.

4. त्याच्या प्लगच्या भोकावर बोट दाबून धरा आणि दुसऱ्या माणसाला क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हळू फिरवायला सांगा. हवा बोटाला बाहेर ढकलू लागली, की कॉम्प्रेशन सुरू झालं. हे काम स्टार्टर मारून करू नका.

5. आता पुलीवरची खूण टायमिंग कव्हरवरच्या शून्याशी जुळेपर्यंत फिरवा.

खात्री कशी करायची?

व्हॉल्व्ह कव्हर काढलं असेल तर पहिल्या सिलिंडरचे टॅपेट हलवून पाहा. टॅपेट हाताने सेट करायच्या इंजिनांत दोन्हींना थोडी ढिलाई जाणवली, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत आणि जागा बरोबर आहे. एक व्हॉल्व्ह मिटतोय आणि दुसरा उघडतोय असं दिसलं, तर पुली आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. कार्बोरेटरच्या जुन्या मारुती 800 सारख्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरचा रोटरही पहिल्या प्लगच्या वायरकडे तोंड करून असायला हवा.

खूणच पुसली असेल तर?

काही जण प्लगच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर घालून पिस्टन कधी थांबतो ते पाहतात. त्यात दोन धोके आहेत. एक तर ड्रायव्हर अडकून पिस्टनला ओरखडे पडू शकतात. दुसरं, टीडीसीजवळ पिस्टन जवळपास हलतच नाही. 72 मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनमध्ये क्रँकशाफ्ट टीडीसीपासून 5 अंश फिरला तरी पिस्टन जेमतेम 0.2 मिलिमीटर सरकतो. डोळ्यांना हा फरक कळत नाही.

त्यापेक्षा पिस्टन स्टॉप वापरा. प्लगच्या जागी बसणारा हा तुकडा पिस्टनला टीडीसीच्या थोडं आधी अडवतो. इंजिन हळूच एका दिशेने अडेपर्यंत फिरवा आणि कव्हरवरच्या एका ठरावीक बिंदूसमोर पुलीवर खूण करा. मग उलट्या दिशेने अडेपर्यंत फिरवून त्याच बिंदूसमोर दुसरी खूण करा. या दोन खुणांमधल्या लहान अंतराचा बरोबर मध्य म्हणजे टीडीसी. स्टॉप काढून मगच इंजिन तिथे आणा. ही पद्धत जागा अचूक सांगते, पण स्ट्रोक कोणता ते सांगत नाही. तो टॅपेटवरूनच ओळखावा लागतो.

रबर असलेल्या पुलीचा बाहेरचा भाग जुना झाल्यावर सरकू शकतो. तेव्हा खूण दिसते, पण खोटी असते. तिथेही हीच पद्धत कामी येते.

शेवटची तपासणी

काम झाल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि क्रँक व कॅमच्या खुणा पुन्हा जुळतात का ते पाहा. मध्येच काही अडल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, थांबा. चावी फिरवायची ती त्यानंतरच.