ई-चलान भरलं नाही तर काय होतं? संपूर्ण माहिती

गेल्या वर्षी मी जुनी स्कूटर विकायला काढली. गिऱ्हाईक मिळालं, भावही ठरला. तेवढ्यात त्याने मोबाईलवर गाडीचा नंबर टाकून विचारलं, "दादा, चार चलान बाकी आहेत, ते कोण भरणार?" मला एकाचाही मेसेज आला नव्हता. कारण आरटीओकडे माझा कॉलेजातला मोबाईल नंबर होता, आणि ते सिम केव्हाच बंद पडलं होतं. तेव्हा जे शिकलो, ते इथे सांगतो.

ई-चलान कोणाच्या नावावर येतं?
चौकातला कॅमेरा किंवा पोलिसांच्या हातातलं मशीन फोटो घेतं आणि दंड गाडीच्या नंबरवर चढतो. मेसेज जातो तो गाडीच्या मालकाला. म्हणजे गाडी बाबांच्या नावावर असेल, तर सिग्नल तुम्ही तोडलात तरी नोटीस बाबांना! मेसेज मिळाला नाही म्हणून दंड माफ होत नाही.

दुर्लक्ष केलं तर काय होतं?
१. गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्यासारखी आरटीओची कामं अडकतात.
२. दंड भरून प्रकरण मिटवायची सोय मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये आहे. ती वापरली नाही, तर प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. त्याआधी अनेकांना लोकअदालतीची नोटीस येते. ती आली तर जरूर जा, प्रकरण तिथेच मिटू शकतं.
३. सगळे गुन्हे सारखे नसतात. सिग्नल तोडणं, राँग साईड जाणं किंवा गाडी चालवताना हातात मोबाईल धरणं धोकादायक ठरलं, तर कलम १८४ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्याच वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड, ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हेल्मेट नसेल, तर दंडाबरोबर लायसन्स ३ महिने बाद होण्याची तरतूद आहे.

चलान कसं तपासायचं?
१. महाट्रॅफिक ॲप किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांची ई-चलान वेबसाईट उघडा.
२. गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे ४ अंक टाका. ते आरसी बुकवर असतात.
३. पैसे भरण्याआधी फोटो नीट बघा.

माझ्या चारपैकी एका फोटोत भलतीच गाडी होती; तिच्या नंबरातला ३ हा ८ वाचला गेला होता. तक्रार केल्यावर ते चलान रद्द झालं. उरलेली तीन माझीच होती, ती गुपचूप भरली.

सावधान!
व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाईल आली, तर ती उघडू नका. ती इन्स्टॉल केली की बँकेचे ओटीपी चोरांच्या हाती जाऊ शकतात. सरकारी वेबसाईटचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो, तेवढं आधी बघा.

आता दोन मिनिटं काढा, तुमच्या आणि बाबांच्या गाडीचा नंबर टाकून बघा. आरटीओकडचा मोबाईल नंबर जुना असेल, तर तोही बदलून घ्या.