पेशव्यांच्या नावाची जर्सी

२०१५ साली भारतात पुरुषांची एक व्यावसायिक बास्केटबॉल लीग सुरू झाली. नाव यूबीए. आठ संघ होते. बंगळुरूचा बीस्ट, हैदराबादचा स्काय, पंजाबचा स्टीलर्स, मुंबईचा चॅलेंजर्स. कुठे जनावर, कुठे आकाश, कुठे पोलाद. पुण्याचा संघ मात्र 'पुणे पेशवाज'. आठांपैकी फक्त याच संघाला एका राजवटीचं नाव मिळालं होतं. चार हंगामांनंतर, २०१७ मध्ये, लीगचा खेळ आटोपला. या नावाला कुणी ठामपणे हरकत घेतल्याचं माझ्या तरी वाचनात आलं नाही.

काही मित्र म्हणतील, पुण्याचा 'प' आणि पेशव्यांचा 'प' जुळला, बाजारातली गोष्ट आहे, सोडून द्या. पण बाजाराला नेमका कोणाचा इतिहास विकण्याजोगा वाटतो? बाबासाहेबांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये लिहिलं आहे की पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधावा लागे आणि थुंकीसाठी गळ्यात मडकं अडकवावं लागे. १ जानेवारी १८१८ ला त्याच पेशवाईच्या फौजेशी लढलेल्या महार सैनिकांना मानवंदना द्यायला ते १९२७ साली भीमा कोरेगावला गेले. आपल्यासाठी हा शब्द म्हणजे नुसती अक्षरांची जुळणी नाही.

'मैदानावर जात नसते' हे आपल्याला शाळेपासून ऐकवलं जातं. पुण्याचंच उदाहरण घ्या. चांभार समाजातले बाळू पालवणकर इथे इंग्रजांच्या क्लबच्या मैदानाची निगा राखता राखता गोलंदाज झाले. हिंदू संघाला त्यांच्या विकेट हव्या होत्या, पण चहाच्या वेळी बाळू बाहेर, मातीच्या भांड्यात. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते १९२३ साली धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं, तेही भांडून.

आता ज्या अमेरिकेतून हा लीगचा नमुना आला तिथे बघू. एनबीए १९४६ ला सुरू झाली, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. पहिले चार हंगाम तिच्यात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९५० साली चक कूपर, नॅट क्लिफ्टन आणि अर्ल लॉइड आले, आणि ३१ ऑक्टोबरला लॉइड सर्वात आधी मैदानात उतरले. पण आत शिरल्याने अपमान थांबला नाही. १९६१ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला बोस्टनच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना हॉटेलात जेवण नाकारलं. बिल रसेल आणि त्यांचे सहकारी सामना न खेळता परत फिरले. महाडचं पाणी आठवतं ना?

त्याहून मोठं काम ऑस्कर रॉबर्टसन यांनी केलं. तेव्हा करार संपला तरी खेळाडू जुन्याच मालकाशी बांधलेला राही. तुलना पूर्ण बसत नाही, पण मला यात महार वतनाचा वास येतो. रॉबर्टसन खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष होते. १९७० ला ते कोर्टात गेले, १९७६ ला तडजोड झाली आणि खेळाडूला संघ निवडण्याची वाट मोकळी झाली.

म्हणूनच २०१४ मध्ये क्लिपर्सच्या मालकाचं वर्णद्वेषी बोलणं बाहेर आलं, तेव्हा त्याच्याच संघाच्या खेळाडूंनी सरावाचे शर्ट उलटे घातले. संघाचं नाव आत गेलं, दिसेनासं झालं. मालकावर आजीवन बंदी आली आणि त्याचा संघ विकला गेला. तिथे बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय होते, आणि पाठीशी युनियन होती.

पुण्याची ती जर्सी कोण उलटी घालणार होतं? हंगामापुरता करार असलेला पोरगा? आपल्याकडे बास्केटबॉलपटूचं घर चाललं ते रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक यांच्या नोकरीवर. लीग आली-गेली, नोकरी टिकली. आता सरकारी नोकऱ्याच आक्रसत आहेत. आणि खाजगी लीगमध्ये आरक्षण तर नाहीच, खेळाडू कोणत्या समाजातून येतात याची साधी मोजणीही होत नाही. मोजणीच नसेल तर 'इथे जात नाही' म्हणायला कितीसा वेळ लागतो!

२०२२ ला बास्केटबॉल फेडरेशनच्या पाठबळाने आयएनबीएल आली. सहा शहरांचे सहा संघ, त्यात नागपूर नाही. पण शहराचा संघ असता तरी इंदोऱ्याच्या पोराला त्यात जागा मिळाली असती का? कबड्डीला माती पुरते. बास्केटबॉलला रिंग लागते, सिमेंटचं कोर्ट लागतं, दर काही महिन्यांनी झिजणारे बूट लागतात, आणि संध्याकाळी मोफत शिकवणारा कोणी लागतो. १४ ऑक्टोबरच्या कार्यक्रमासाठी आपण वस्तीवस्तीत वर्गणी काढतो. महापालिकेच्या शाळेच्या मैदानावर दोन रिंग लावून द्या, असा एक अर्ज त्याच बैठकीत लिहून होईल.