शनिवारवाड्यातलं मरण, नारायणगावची राहुटी

लावणीवरचं कुठलंही पुस्तक उघडा, एक वाक्य हमखास भेटतं: दुसऱ्या बाजीरावाच्या काळात लावणी बहरली. मग होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर, परशराम, राम जोशी ही नावं ओळीनं येतात आणि पुस्तक छंद, शृंगार, ढोलकी-तुणतुण्याकडे वळतं. हा बाजीराव गादीवर आला कसा, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ते राजकारणाच्या पुस्तकात असतं, आणि त्या पुस्तकाला लावणीशी देणंघेणं नसतं. दोन्ही पुस्तकं शेजारी उघडी ठेवली की मधे जुन्नर लागतं, आणि त्याला लागून एक मरण.

राघोबादादाचा मुलगा बाजीराव, त्याचा धाकटा भाऊ चिमाजी आणि दत्तक भाऊ अमृतराव हे तिघं १७९४ मध्ये जुन्नरच्या शिवनेरी किल्ल्यावर कैदेत आले. त्याआधी ते नाशिकजवळ आनंदवल्लीला होते. निजामाशी लढाई दिसू लागली तशी कारभारी नाना फडणवीसांना ही मंडळी भरवशाच्या किल्ल्यावर हवी होती. पुण्यात सवाई माधवराव पेशवे होते, वय वीस. शिवनेरीवरचा बाजीराव एकोणीस वर्षांचा. एकाच्या बापानं दुसऱ्याच्या घराण्याचा घात केला, असं ऐकत दोघंही वाढलेले. पण सवाई माधवरावाला या चुलत्याबद्दल कुतूहल होतं. बाजीराव दिसायला देखणा, बोलायला गोड, घोड्यावर पक्का, शास्त्रार्थात तयार, असं त्याच्या कानावर येई, आणि नाना जितकी निंदा करत तितकी ओढ वाढे.

इतिहासकार ग्रँट डफनं हा भाग तपशिलानं लिहिला आहे. शिवनेरीवरच्या पहाऱ्यावरचा बळवंतराव नागनाथ बाजीरावानं आपलासा केला आणि त्याच्यामार्फत पेशव्याकडे निरोप धाडला. पुढं चिठ्ठ्या सुरू झाल्या. आपण दोघंही कैदीच, तुम्ही पुण्यात नि मी जुन्नरात, अशा आशयाचं बाजीरावानं लिहिलं होतं. विशीतल्या पोराला याहून जिव्हारी लागणारं दुसरं काही सांगता आलं नसतं, कारण ते खरंच होतं. नानांना पत्ता लागला. बळवंतरावाच्या पायात बेड्या पडल्या, शिवनेरीवरचा पहारा कडक झाला, आणि राज्याच्या मालकाला कारभाऱ्याची बोलणी खावी लागली.

२२ ऑक्टोबर १७९५ ला दसरा होता. पेशवे सैन्यासमोर आले, संध्याकाळी सरदारांचे मुजरेही घेतले. २५ तारखेला सकाळी ते शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली कोसळले आणि २७ ला गेले. ग्रँट डफ याला सरळ आत्महत्या म्हणतो. मराठीतल्या कित्येकांनी ताप, वात आणि गेलेला तोल असं सांगितलं आहे. दोनशे तीस वर्षांनी त्या सकाळचा पंचनामा करण्यात अर्थ नाही. एका माणसाच्या मनात शेवटी काय होतं हे शेजारच्या खोलीतल्यालाही कळत नाही, तिथं आपली काय कथा. चिठ्ठ्यांमुळेच ते झालं असं म्हणणंही धाडसाचंच. अशा मरणाला एकच एक कारण चिकटवण्याची घाई इतिहासकारांनी केली, गावगप्पांनी केली, आजही होते. पुढचं मात्र नोंदलेलं आहे. मधल्या दोन दिवसांत, माझ्यामागं बाजीरावाला गादीवर बसवा, अशी इच्छा पेशव्यानं बोलून दाखवली.

नानांनी ती लगेच मानली नाही. विधवा यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक देण्याचा त्यांचा घाट होता. दौलतराव शिंदे बाजीरावाच्या बाजूनं हलतायत म्हटल्यावर बेत फिरला आणि बाजीरावाला आणायला परशुरामभाऊ पटवर्धन जुन्नरला गेले. अमृतरावाचा विश्वास बसेना. शेवटी परशुरामभाऊंनी गाईचं शेपूट हातात धरून गोदावरीची शपथ घेतली, तेव्हा बाजीराव गड उतरला. खर्ड्याची लढाई मारून आलेला पटवर्धन सेनापती शिवनेरीच्या पायथ्याशी गाईचं शेपूट धरून उभा आहे, हे चित्र एखाद्या वगातल्या बतावणीला शोभावं. त्यानंतरही वर्षभर कारस्थानं चालली. मधे चिमाजीला गादीवर बसवून झालं. डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव एकदाचा पेशवा झाला.

आता लावणी. बाजीरावानं ती जन्माला घातली असं कुणी म्हणू नये. राम जोशी आणि होनाजी तोवर कसलेले झाले होते. जुन्नरच्या शेजारी संगमनेरात अनंत फंदी होता, तो तर तेव्हा पन्नाशी ओलांडलेला. सवाई माधवरावाच्या पुण्यातही रंग होताच. त्यानं खेळलेली रंगपंचमी प्रभाकरानं पोवाड्यात अजरामर केली आहे. बदललं ते मागणीचं पारडं. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाचा मोड झाला तेव्हा शाहिरांपुढं पोवाड्याचा ताजा विषय होता, ऐकणारे शिपाई होते, कडं-तोडा देणारे सरदार होते. सात महिन्यांत पेशवा गेला. १८०० मध्ये नाना गेले. १८०२ मध्ये होळकरांनी पुणं लुटलं आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी वसईचा तह झाला. पुण्याचं रक्षण इंग्रजी पलटणी करू लागल्या. पोवाडा गायचा तर कुणाचा? वाड्यातली बिदागी शृंगाराला मिळत होती. शाहीरही पोटार्थीच, शब्द तिकडं वळले.

पुढच्या पिढ्यांनी या काळाला ऱ्हासकाळ म्हटलं आणि राज्य बुडाल्याचं खापर अर्धं बाजीरावावर, अर्धं लावणीवर फोडलं. मला हे कधी पटलं नाही. राज्य बुडवायला तैनाती फौजेचा करारनामा पुरेसा होता. शिवाय या निंदेत नाचणाऱ्या बाया कुठंच नसतात. पेशव्यांच्या नाटकशाळांत विकत घेतलेल्या बटकी असत, त्यांच्या किमती दप्तरात सापडतात. होनाजीची लावणी आपण बैठकीत डोळे मिटून ऐकतो. तिच्यावर अदा करणारीचं नाव आपल्यापर्यंत पोचलेलं नाही.

१८१८ ला पेशवाई गेली. बाजीराव आठ लाखांचं पेन्शन घेऊन कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला जाऊन राहिला, १८५१ मध्ये तिथंच वारला. शाहीर मागं उरले. प्रभाकर १८४३ पर्यंत होता, सगनभाऊ १८५० पर्यंत. म्हणजे पेशव्यांच्या आश्रयाविना पंचवीस-तीस वर्षं त्यांनी काढली. वाडा हे गिऱ्हाईक कायमचं संपलं होतं.

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या इतिहासात आत्महत्येचं प्रकरण वाचलं की गायकच समोर येतो. १९९४ च्या एप्रिलमध्ये कर्ट कोबेन गेला. नोव्हेंबरात त्याच्या मैफलीची तबकडी निघाली ती थेट पहिल्या क्रमांकावर. इयन कर्टिस १९८० च्या मे महिन्यात गेला, त्याच्या बँडची पुढची तबकडी जुलैत दुकानात होती. कलावंताच्या मरणाला तेज चढवून विकण्याचं ते तंत्र आहे, आणि त्यात मेलेल्या माणसाच्या आजाराबद्दल, एकटेपणाबद्दल फार थोडं असतं. आपल्याकडचा हा प्रवाह मला वेगळा दिसतो. इथं मरण आश्रयाच्या घराण्यात झालं, आणि गाण्याचं नशीब फिरलं ते बिदागी देणारा हात बदलला म्हणून. तमाशाचा पुढचा सगळा इतिहास या हाताच्या शोधाचा आहे.

हात सापडला गावात. १८६५ च्या सुमारास उमाजी सावळजकरांच्या ‘मोहना-बटाव’नं वग आला. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि मग पहाटेपर्यंत वग, असा रात्रभर पुरणारा ऐवज तयार झाला. तो परवडणारा धनी एकटादुकटा सरदार नव्हता, वर्गणी काढणारं अख्खं गाव होतं. जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात चैत्र-वैशाखात गावोगाव यात्रा. दिवसा घाटात बैलगाडे, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं हजेरी. थापलिंगला पौषात, धामणीला खंडोबाच्या यात्रेला, बाकी ठिकाणी आपापल्या ग्रामदैवताच्या तिथीला. तिथी ठरलेल्या म्हणून सुपारीही ठरलेली. अशा पट्ट्याच्या मधोमध, पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव बसलेलं. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड इथला. भाऊंची मुलगी विठाबाई, जन्म १९३५ चा, पंढरपुरात. ऐन कार्यक्रमात कळा आल्या, पडद्यामागं बाळंत झाली, नाळ दगडानं तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली, ही तिची गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना पाठ आहे. आपण ती शौर्याची म्हणून सांगतो. माझ्या मते ती सुपारीची गोष्ट आहे. पैसे मोजून बसलेल्या पब्लिकला उठू देणं फडाला परवडणारं नव्हतं. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली ही बाई २००२ च्या जानेवारीत हलाखीत गेली. आता तिच्या नावानं राज्य सरकार जीवनगौरव देतं.

नारायणगावच्या राहुट्या पाडव्याच्या आधी लागतात. तंबूच्या तोंडाशी फडाच्या नावाचा फलक, आत गादी, वही, कॅलेंडर. यात्रा कमिटीची पाच-सात माणसं फेटे-टोप्या सावरत येतात. पहिला प्रश्न तारखेचा, दुसरा बाया किती, तिसरा रकमेचा. कालाष्टमी आणि चैत्र पौर्णिमेच्या रात्रीला भाव चढा, आडदिवसाला उतरता. व्यवस्थापक चहा मागवतो, पाव्हणं म्हणतो, आकडा सांगतो. मंडळी उठून शेजारच्या राहुटीत जातात आणि तासाभरानं परत येतात. विसार हातात पडला की वहीत गावाचं नाव चढतं. या वहीच्या मागच्या पानांवर उचलीचा हिशेब असतो. कलावंतानं पावसाळ्यात घेतलेली उचल हंगामात फेडायची, आणि ती देण्यासाठी मालकानं सावकाराचं व्याज अंगावर घ्यायचं. शिवनेरीहून निघालेली पेशवाई बिदागी दोनशे वर्षांत इथवर, विसाराच्या नोटांपर्यंत आली.

पण सुपारी नसलेलं गाणंही याच मराठी मुलखात वाढलं. आंबेडकरी जलसे, मग शाहिरी. त्यांना ना वाडा, ना यात्रा कमिटी. मुंबईच्या वस्त्यांत गाणाऱ्या विलास घोगरेंचा आवाज आनंद पटवर्धनांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर लोक रस्त्यावर आले, राखीव पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. चार दिवसांनी, १५ जुलैला घोगरेंनी स्वतःला संपवलं. पटवर्धन पुढची चौदा वर्षं चित्रीकरण करत राहिले आणि ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा झाला. त्यात घोगरे आहेत, त्यांच्यामागं शीतल साठे आणि कबीर कला मंच आहे, गोळीबाराचा खटला आहे. एका शाहिराच्या जाण्यानं गाणी थांबली नाहीत, हे तो चित्रपट गाण्यांनीच दाखवतो. कोबेनच्या तबकडीसारखं इथं काही खपलं नाही.

आणि मग उलट आरोप. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’ (२०१४) मध्ये वयस्कर शाहीर नारायण कांबळेला पोलीस उचलतात. त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगारानं जीव दिला, असा सरकारी पक्षाचा दावा. भूमिका वीरा साथीदारांची, संगीत संभाजी भगतांचं. खटला जसजसा पुढं सरकतो तसं कळत जातं, की त्या माणसाला गटारात उतरताना साधी संरक्षणाची साधनं नव्हती. गाण्यावर असा वहीम जगभर आला आहे. हंगेरीच्या रेझो शेरेसचं १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेलं ‘ग्लूमी संडे’ लोकांचे बळी घेतं अशी आवई उठली आणि बीबीसीनं बिली हॉलिडेचं त्याचं रूप कित्येक वर्षं वाजवलं नाही. १९९० मध्ये अमेरिकेत नेवाडाच्या न्यायाधीशासमोर ‘जूडास प्रीस्ट’ या बँडवर असाच दावा चालला आणि फेटाळला गेला. गाण्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं की बाकीच्या साक्षी घ्याव्या लागत नाहीत: मजुरी, आजार, दारू, कर्ज, घर. पेशवाई लावणीनं बुडवली म्हणणारेही याच वळणाचे.

नारायणगावात २०२० चा पाडवा टाळेबंदीत गेला, २०२१ चा निर्बंधांत. यात्रा नाहीत म्हणजे सुपाऱ्या नाहीत. दिलेली उचल तशीच अडकली, व्याज मात्र चालू राहिलं. फडांचे ट्रक उभ्या जागी गंजले, कलावंत मजुरीला गेले. त्यातच २०१४ पासून बैलगाडा शर्यतींवर बंदी, त्यामुळं या पट्ट्यातल्या यात्रांची दिवसाची गर्दी आधीच ओसरलेली. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी दिली, आणि त्यापुढच्या चैत्रात राहुट्या पुन्हा लागल्या. आता कमिटीचा चौथा प्रश्न असतो: तमाशाच ठरवायचा, की त्याच पैशात ऑर्केस्ट्रा आणि डीजे दोन्ही बसतील?