पितळी सुईपासून आकड्यांच्या कोष्टकापर्यंत

एक भाग पेट्रोल पूर्ण जळायचे तर वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. हे प्रमाण रसायनशास्त्राने ठरवून दिले आहे. इंजिनाला मात्र ते कुणीतरी पढवावे लागते, आणि तेही चढाला वेगळे, उताराला वेगळे, थंडीत वेगळे. आज हे काम इंधन-कोष्टक करते. एका अक्षावर आरपीएम, दुसऱ्यावर इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, आणि प्रत्येक घरात एक आकडा. ईसीयूबरोबर, म्हणजे इंजिनाच्या संगणकाबरोबर, जन्मलेली ही वस्तू, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु आपण माग काढत गेलो तर गाडीत संगणक येण्याच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षे आधीही ती सापडते. तेव्हा ती धातूत घडवलेली असे.

कार्ल बेन्झच्या 1886 च्या तीनचाकीत पेट्रोल पृष्ठभागावरून नुसते वाफारत असे. मोजमाप जवळपास नव्हतेच. 1893 च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख आणि हंगेरीत डोनात बांकी व यानोश चोंका यांनी बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल फवारणारा कार्ब्युरेटर सिद्ध केला. पण एकच जेट मंद गतीला पुरे पडला तर भर वेगात चुकायचा. त्यावर इंग्लंडमधल्या जॉर्ज हर्बर्ट स्किनरने 1904 मध्ये तोडगा काढला. त्याचे घराणे पादत्राणांच्या व्यापारातले, त्यामुळे पहिल्या नमुन्यातला भाता चामड्याचा होता, यात नवल नाही. इंजिन जितकी हवा ओढील तितका तो भाता वर उचलला जाई, त्याला जोडलेली निमुळती सुई जेटमधून वर सरके आणि पेट्रोलची वाट रुंद होई. 1910 मध्ये स्किनर बंधूंची एसयू कंपनी स्थापन झाली, आणि पुढे भात्याच्या जागी धातूचा पिस्टन आला. या सुयांची सूची आवर्जून पाहावी. प्रत्येक सुईला एखादे सांकेतिक अक्षर, आणि पुढे दर एक-अष्टमांश इंचावर तिचा व्यास किती, हे इंचाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत नोंदलेले. माझ्या मते हेच पहिले इंधन-कोष्टक, एकाच ओळीचे. मधल्या वेगात मिश्रण लीन होतंय, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, असे दिसले की जाणता मेकॅनिक नेमक्या त्याच जागी सुईला बारीक पॉलिश पेपर लावी. घासलेले परत भरून येत नाही, म्हणून हात फार जपून चालवावा लागे.

एका ओळीला दुसरी मिती मिळाली ती यांत्रिक इंजेक्शनमध्ये, म्हणजे पंपाने पेट्रोल दाबून फवारण्यात. 1954 च्या मर्सिडीज 300 एसएलने बॉशचा इंजेक्शन पंप गाजवला, पण आपल्या मागोव्यात त्याहून मोलाचा आहे तो 1969 सालच्या पोर्श 911 च्या ‘ई’ आणि ‘एस’ मॉडेलांमधला पंप. त्याच्या पोटात एक ओबडधोबड दिसणारा पोलादी कॅम असतो. ॲक्सिलरेटर दाबला की तो स्वतःभोवती वळतो. इंजिनाचा वेग वाढला की गव्हर्नरची वजने त्याला लांबीच्या दिशेने सरकवतात. त्याच्या पृष्ठभागावरून एक छोटी चाकी फिरते आणि तिथल्या उंचवट्याप्रमाणे पेट्रोल कमी-अधिक होते. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये कोष्टकाचे त्रिमित चित्र उघडले की दिसणारी डोंगरउतारासारखी आकृती ती हीच. फक्त इथे एक घर बदलायचे तर कॅमच नवा घडवावा लागे.

विजेच्या मार्गाचा पहिला प्रयत्न फसला. अमेरिकेतल्या बेंडिक्सचे ‘इलेक्ट्रोजेक्टर’ 1958 मध्ये क्रायस्लरच्या मोजक्याच गाड्यांवर बसले आणि त्यांतल्या बहुतेकांना लवकरच पुन्हा कार्ब्युरेटर लावावे लागले. बेंडिक्सच्या पेटंटांचे हक्क बॉशकडे गेले, आणि 1967 मध्ये फोक्सवॅगनवर ‘डी-जेट्रॉनिक’ आले. तेही ट्रान्झिस्टरांचे ॲनालॉग मंडल. आकडे साठवण्याची सोय त्यात नव्हती. ती झाली 1979 च्या बीएमडब्ल्यू 732आय मधल्या ‘मोट्रॉनिक’मध्ये. कोष्टक आता खरोखरच कोष्टक झाले, पण त्याच क्षणी ते मेकॅनिकच्या हातून गेले. सुई निदान दिसत तरी होती. हे आकडे चिपमध्ये, चिप बंद डब्यात, आणि डबा कारखान्याच्या भरवशावर. मग चिकित्सक मंडळींनी ती चिप उचकटून वाचायला सुरुवात केली. हजारो आकड्यांच्या रांगांमध्ये इंधनाचे कोष्टक कुठे, हे सांगणारी पाटी तिथे नसे. एका लयीत चढत जाणारे आकडे दिसले की तिथे बोट ठेवायचे. जुना मजकूर अतिनील प्रकाशाने पुसून नवा लिहायचा.

आपल्याकडे हा रस्ता उशिरा आला, आणि सरळही आला नाही. मारुती 800 ला एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर, मिळाले 2000 मध्ये. पुण्याच्या बजाज ऑटोने 2007 मध्ये पल्सर 220 इंजेक्शनसह आणली आणि 2009 मध्ये तीच गाडी, किंमत उतरवून, कार्ब्युरेटरवर परत नेली. इलेक्ट्रोजेक्टरची आठवण व्हावी असे हे वळण. अखेर 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे उत्सर्जन-मानक लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला.

कोष्टक पुन्हा सर्वांसाठी उघडले ते अमेरिकेतल्या ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांनी. 2001 मध्ये त्यांनी ‘मेगास्क्वर्ट’ हा स्वतः सोल्डर करून जोडायचा ईसीयू आणला. पहिले कोष्टक आठ बाय आठ, चौसष्ट घरांचे. पुढच्या आवृत्त्यांत सोळा बाय सोळा झाले, आणि ‘ट्यूनरस्टुडिओ’सारखी सॉफ्टवेअर आली. नवखा माणूस थेट कोष्टकालाच हात घालतो. ते बरे नव्हे. आधी ईसीयूच्या फर्मवेअरशी तंतोतंत जुळणारी व्याख्या-फाइल निवडायची. थ्रॉटल पूर्ण मिटून आणि पूर्ण उघडून दोन्ही टोके नोंदवायची, तापमानाचे सेन्सर कॅलिब्रेट करायचे. टायमिंग लाइट धरून पडद्यावरचे ठिणगीचे अंश आणि पुलीवरची खूण एक आहेत ना, ते पाहायचे. मग इंजिनाची क्षमता, सिलिंडरांची संख्या आणि इंजेक्टरचा प्रवाह सांगितला की सॉफ्टवेअर मूळ इंधन-काळ, म्हणजे इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते, काढून देते. समजा तो 12 मिलिसेकंद निघाला. हवेचा दाब 50 किलोपास्कल, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळपास निम्मा, आणि कोष्टकाच्या त्या घरात 60 टक्के (सिलिंडर हवेने कितपत भरतो ते) असेल, तर 12 ची निम्मी 6, तिचे साठ टक्के 3.6, त्यात इंजेक्टर उघडायला लागणारा सुमारे 1 मिलिसेकंद मिळवला की झाले 4.6. एक्झॉस्ट नळीतला, मिश्रणाचे प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर 14.7 ऐवजी 15.2 दाखवू लागला, म्हणजे मिश्रण लीन आहे. ते 60 चे 62 करायचे.

हा शेवटचा फरक सॉफ्टवेअर गाडी चालता चालता आपणहून करत जाते. मात्र आपल्याकडच्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून दूर जाणारे बदल मान्य करत नाही, म्हणून हा खेळ रेसिंग ट्रॅकवरच्या गाडीसाठी. तिथेही 256 घरांपैकी कित्येक घरांत इंजिन कधी फिरकतच नाही: कमी आरपीएमवर पूर्ण दाब, किंवा चढ्या आरपीएमवर जवळजवळ निर्वात. त्या घरांसाठी सेन्सरकडे काहीच नोंद नसते, आणि ती शेजारच्या आकड्यांकडे बघून ट्यूनरला अंदाजानेच भरावी लागतात.