मत्स्य-ऊ आणि तिची बहुप्रजा : एका रोगनामाचा इतिहास

रोगाचे नाव हे बहुधा त्या रोगाविषयीचे पहिले अनुमान असते. नाव ठेवणाऱ्याने काय पाहिले आणि त्याची तुलना कशाशी केली, हे त्या नावात साठून राहते. पुढच्या पिढ्या रोगाकडे पाहतात त्या पुष्कळदा ह्या नावाच्याच झरोक्यातून. गोड्या पाण्यातील माशांना, विशेषतः काचेच्या टाकीत पाळलेल्या शोभेच्या माशांना होणारा ‘पांढऱ्या ठिपक्यांचा रोग’ ह्या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. त्याच्या उपचाराचे मर्म त्याच्या शास्त्रीय नावात सांगितलेले आहे. व्यवहारातील नावांतून मात्र ते गळून पडले आहे. हा भेद केवळ शब्दाभ्यासकाच्या कुतूहलाचा नव्हे. त्यावर माशांचे जगणेमरणे अवलंबून असते.

ह्या रोगात माशाचे अंग, पक्ष व कल्ले ह्यांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उमटतात. मासा दगडांना, वनस्पतींना अंग घासू लागतो, त्याचा श्वास जलद होतो, आणि कल्ले फार बिघडले तर तो दगावतो. १८६९ मध्ये हिल्गेनडोर्फ व पाउलिकी ह्या जर्मन संशोधकांनी गोड्या पाण्यातील माशांच्या त्वचेवरील अशा एका सूक्ष्म परोपजीवीचे वर्णन प्रसिद्ध केले. १८७६ मध्ये फूके ह्या फ्रेंच अभ्यासकाने त्याचे नामकरण केले : ‘इक्थिओप्थिरिअस मल्टिफिलिइस’.

ह्या नावाची फोड उद्बोधक आहे. ग्रीक भाषेत ‘इक्थिस’ म्हणजे मासा आणि ‘प्थेइर’ म्हणजे ऊ. उत्तरपद लॅटिन असून त्याचा अर्थ ‘पुष्कळ अपत्यांसह’ असा होतो. आपल्याकडील बहुव्रीहीची आठवण व्हावी अशी ही रचना आहे. संस्कृतात तिला ‘बहुप्रज’ हा शब्द नेमका जुळतो; डुक्कर व उंदीर ह्यांनाही तो लावलेला आढळतो. तेव्हा ‘बहुप्रज मत्स्य-ऊ’ असे ह्या नावाचे मराठी रूप करता येईल.

ह्यातील पूर्वपद शास्त्रदृष्ट्या चुकीचे आहे. ऊ हा कीटक होय. ती त्वचेच्या बाहेर राहते व वेचून काढता येते. हा परोपजीवी मात्र अंगभर सूक्ष्म रोम असलेला एकपेशीय आदिजीव आहे. तो त्वचेच्या बाह्यस्तराखाली शिरून तेथेच वाढतो. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे त्वचेच्या आवरणाखालील तो जीवच होय. त्याचा व्यास सुमारे १ मिलिमीटरपर्यंत वाढतो. वरचे आवरण त्याला ढालीसारखे उपयोगी पडते, त्यामुळे पाण्यात घातलेले औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

उत्तरपद मात्र अक्षरशः खरे आहे. पूर्ण वाढलेला जीव माशाला सोडून टाकीच्या तळाशी किंवा वनस्पतीवर चिकटतो, स्वतःभोवती कोश निर्माण करतो आणि आत पुनःपुन्हा विभागतो. एकापासून शेकडो, प्रसंगी हजारापर्यंत पिल्ले होतात. ती कोश फोडून पोहू लागतात व नव्या माशाचा शोध घेतात. सुमारे दोन दिवसांत मासा न मिळाल्यास ती बहुतांशी मरतात. औषधाचा मारा बसतो तो मुख्यतः ह्याच उघड्या, पोहत्या अवस्थेवर.

येथे आपल्या घरगुती भाषेचे एक स्मरण होते. मराठीत ‘ऊ’ व ‘लीख’ असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि उवा मारल्या तरी लिखा राहिल्या तर काम फुकट जाते, हे घरोघरी ठाऊक आहे. फरक एवढाच, की लीख त्याच डोक्यावर असते. ह्या ‘उवेची’ प्रजा मात्र माशाच्या अंगावर नसून टाकीत असते. म्हणून उपचार माशाचा नव्हे, तर टाकीचा करावयाचा असतो.

औषधांचा इतिहासही असाच लक्षणीय आहे. फूकेने नाव दिले त्याच १८७६ मध्ये जर्मनीत हाइनरिख कारो ह्याने मेथिलीन ब्ल्यू हा रंग तयार केला. पुढच्याच वर्षी ओटो फिशर ह्याने मॅलकाइट ग्रीन सिद्ध केले. दोन्ही रंग मुळात कापड रंगविण्याच्या उद्योगातील. मॅलकाइट ग्रीनमध्ये तर मॅलकाइट नावाच्या खनिजाचा अंशही नाही. केवळ रंगसाम्यावरून हे नाव पडले. १८९१ मध्ये एर्लिख व गुटमान ह्यांनी मेथिलीन ब्ल्यू हिवतापाच्या रुग्णांना दिले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हौशी मत्स्यपालक ह्या रोगावर क्विनीन व मेथिलीन ब्ल्यू वापरू लागले, म्हणजे हिवतापाची दोन औषधे माशांकडे आली. १९३६ मध्ये अमेरिकेत मॅलकाइट ग्रीनचा माशांवरील बुरशीसाठी उपयोग नोंदला गेला. १९७२ मध्ये लेटो व मेयर ह्यांनी ते फॉर्मॅलिनबरोबर मिसळून ह्या रोगावर वापरण्याची पद्धती प्रसिद्ध केली. मात्र त्याचा अंश माशाच्या मांसात दीर्घकाळ टिकतो आणि त्याच्या विषारीपणाविषयी गंभीर शंका आहेत. म्हणून युरोपीय संघात व अमेरिकेत खाण्याच्या माशांसाठी त्यास मान्यता नाही.

औषध कोणतेही असो, ते केव्हा व किती काळ द्यावयाचे हे जीवनचक्रच ठरविते. सुमारे २५ अंश सेल्सिअस तपमानात हे चक्र आठवड्याच्या आत पुरे होते. १० अंशांच्या आसपास त्यास महिन्याहून अधिक काळ लागतो. म्हणून उपचारात पाणी थोडे ऊन करतात : चक्र वेगाने फिरते व असुरक्षित अवस्था लवकर येते. परंतु ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि रोगी माशाचे कल्ले आधीच बिघडलेले असतात, हे विसरता कामा नये. दुसरे असे, की ठिपके नाहीसे होणे म्हणजे बरे होणे नव्हे. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो, की जीव खाली उतरले असून विभाजन सुरू झाले आहे. ठिपके गेले म्हणून औषध थांबविले, तर काही दिवसांनी पहिल्याहून कितीतरी अधिक ठिपके उमटतात. बहुतेक अपयशाचे कारण येथेच सापडते.

आता व्यवहारातील नावांकडे वळू. इंग्रजी भाषिक मत्स्यपालकांनी लांबलचक नावाचा संक्षेप करून ‘इक’ एवढेच ठेवले. व्युत्पत्तीने पाहता त्यात ‘मासा’ तेवढा उरला. ऊही गेली आणि अपत्येही गेली. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले; आपल्याकडे घरोघरी टाक्या येत गेल्या, तसे ‘पांढरे ठिपके’ हे नाव रूढ झाले. ते सुबोध आहे खरे, परंतु नजर माशाच्या अंगावर खिळविते, आणि ठिपका दिसेनासा होताच रोग संपला असा भास निर्माण करते.

रूढ नाव बदलावे असा आग्रह धरणे व्यर्थ होय; भाषा अशा आग्रहाला जुमानीत नाही. मात्र मराठीत मत्स्यपालनाची पुस्तके लिहिणाऱ्यांनी ‘पांढरे ठिपके’ ह्या नावाशेजारी ‘बहुप्रज’ हे विशेषण आवर्जून ठेवावे. फूकेचे पूर्वपद फसले, तरी त्याचे उत्तरपद आजही औषधाच्या बाटलीइतकेच उपयोगी आहे.